श्रीखंडाच्या डब्यातली एकतीस नाणी

आमचं मिरजेत किराणा दुकान आहे. रात्री गल्ला मोजताना सुट्ट्या पैशांचे ढीग लावायचं काम माझं. मोबाईलवर तो प्रसिद्ध व्हिडिओ येईपर्यंत मी नाण्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं. ‘दोन रुपयांचं हे नाणं घरात असेल तर लखपती झालात’ असलं काहीतरी होतं. त्या दिवसापासून जरा वेगळं दिसलेलं प्रत्येक नाणं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जाऊ लागलं. गल्ल्यात मात्र मी स्वतःच्या खिशातून तेवढे पैसे टाकायचो, नाहीतर वडिलांनी दुकानात उभं केलं नसतं.

सहा महिन्यांत एकतीस नाणी जमली. मनातल्या मनात मी स्कूटरचा रंगही ठरवला होता. मग एका अनोळखी माणसाचा मेसेज आला: नाणी घेतो, आधी पंधराशे रुपये नोंदणी फी भरा. भरणारच होतो, पण बहिणीने फोन हिसकावून घेतला. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण नसतो, असल्या फी-कमिशनला भुलू नका, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. गिऱ्हाइकांसमोर.

त्यातलंच एक गिऱ्हाईक म्हणजे आमच्याकडे महिन्याचा किराणा भरणारे काका. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले, आणि चाळीस वर्षं नाण्यांचा नाद. म्हणाले, “रविवारी डबा घेऊन ये. येताना सोनाराकडचा छोटा काटा मिळतोय का बघ.”

रविवारी त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, दिवा आडवा धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. पहिल्याच मिनिटात अकरा नाणी बाजूला गेली. ही माझी सगळ्यात लाडकी, ‘खूण छापायची राहून गेलेली’. सालाखाली मुंबई टाकसाळीची पत्त्यांतल्यासारखी चौकट असते, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. या अकरांवर काहीच नव्हतं.

“अरे, कोलकात्याची खूणच नसते,” काका म्हणाले. “काही नाही, हीच त्यांची खूण.”

मग त्यांनी कागदावर टाकसाळ काढून दाखवली. पत्र्यातून चकती कापली जाते. चकतीची कड दाबून थोडी उचलतात. मग ती कॉलरमध्ये, म्हणजे एका घट्ट कड्यात बसते, खाली एक साचा, वर एक साचा, आणि एकच दणका. “यातल्या कुठल्या पायरीवर हे झालं असेल, ते मला सांग. सांगता आलं तर चूक टाकसाळीची. नाहीतर नाणं बाहेर पडल्यावर कुणीतरी त्याचा छळ केलाय.”

पुढची पाच नाणी सिंहांच्या अंगावरून रेघ गेलेली. काका म्हणाले, नख फिरव. नख रेघेत अडकलं, म्हणजे ती खोल होती आणि तिच्या कडेला धातूचा बारीक वरंबा उठला होता. चावी, खिळा, काहीही. मग दोन नाणी अशी दिली की रेघेवरून नख उड्या मारत गेलं. रेघ वर आलेली. साचाच तडकला, तर दणक्यासरशी धातू त्या फटीत घुसतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. नाण्यावरचा धातू खरवडून काढणं सोपं, पण वर असा उठाव आणायचा म्हणजे साचाच लागतो. ही दोन नाणी डब्यात परत गेली आणि माझा जीव जरा भांड्यात पडला.

तांब्यासारखी लाल पडलेली पाचाची चार नाणी मी ‘चुकून दुसऱ्या धातूवर छापलेली’ म्हणून ठेवली होती. काट्यावर चारही सहा ग्रॅम भरली, म्हणजे जेवढी असायला हवीत तेवढीच. निकेल-पितळेत तांबं, जस्त आणि निकेल असतं. आंबट लागलं की वरचं जस्त आधी निघून जातं आणि तांब्याचा रंग उघडा पडतो. “तुझ्याकडे देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशी चिल्लर देतात ना? ताम्हणात चिंच-लिंबाबरोबर पडून राहिलेली दिसतायत.” खरंच, आमची अर्धी चिल्लर मावशींकडूनच येते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ‘आरशातल्या’ रुपयावर. एका बाजूला उलटी, खोल गेलेली अक्षरं होती. मी वाचलं होतं की आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याचा उलटा, खोलगट ठसा बसतो. संग्राहक त्याला ‘लखी’ म्हणतात आणि चांगले पैसे देतात. काकांनी नाणं उलटं केलं. दुसरी बाजू चेपून गुळगुळीत झाली होती. लखीत ही बाजू नीट, भरीव उठलेली असते, कारण तिकडे साचा मोकळाच असतो. आणि खोल अक्षरांच्या खाली मूळ छापही अर्धवट शिल्लक होता. “व्हाइसमध्ये दोन नाणी धरून पिळलीत. आमचीच पोरं करायची वर्कशॉपमध्ये,” असं म्हणून काका मनापासून हसले.

दहाच्या नाण्याचा मधला गोल फिरलेला होता, तो हातोडीने काढून परत ठोकलेला निघाला. कडं आणि गोल एकाच दणक्यात एकमेकांत घट्ट बसतात. माझ्या नाण्यात नखाने गोल हलत होता.

अमेरिकेहून मामेभावाने आणलेलं क्वार्टर मी मोठ्या ऐटीत काढलं. पान उलटावं तसं फिरवलं की मागची बाजू डोकं खाली करून येते. पण ही चूक नव्हेच. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजूंचा माथा एकाच दिशेला असतो, अमेरिकन नाण्यांचा विरुद्ध. तिकडे तोच नियम आहे. त्याच परीक्षेत माझा एक रुपया मात्र चांगला तिरका निघाला. साचा सैल होऊन फिरलेला. काकांच्या मते असली नाणी बऱ्यापैकी सापडतात, किंमत फार नाही, पण चूक अस्सल.

शेवटी दोन रुपयांचं नाणं. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. मला वाटलं, कुणीतरी कानशीने घासलंय, म्हणून मीच ते टाकायला निघालो होतो. काकांनी हात धरला. “चावा बघू नकोस. त्याच्या बरोबर समोरची कड बघ.” समोरची कड पुसट होती, जणू उमटलीच नाही. पत्रा पुरता पुढे सरकला नाही, तर कापणी आधीच्या भोकावर पडते आणि चकतीला चंद्रकोर कमी येते. मग कड उचलताना त्या रिकाम्या जागी दाबच मिळत नाही, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. कानस मारणाऱ्याला समोरची कड कशी पुसट करता येणार? शिवाय चाव्याजवळची अक्षरं त्या बाजूला किंचित ओढल्यासारखी दिसत होती. काट्यावर ४.८५ ग्रॅमऐवजी ४.४ ग्रॅम भरलं. मी तीन वेळा मोजलं.

एकतीसपैकी चार राहिली. चंद्रकोरीचं नाणं काकांनी विकत मागितलं, मी दिलं नाही. उरलेली बहुतेक गल्ल्यातून बाजारात गेली. रुळावर ठेवून चपटी केलेली दोन मात्र कुणी घेईना. रेल्वे जंक्शनच्या गावात ती काय आहेत हे प्रत्येकाला कळतं. आमचा वजनकाटा एका कोपऱ्यात डुगडुगायचा, वडिलांनी ती दोन्ही त्याच्या पायाखाली सरकवली.