इंजिनाची काडीमोड

मे महिन्यात भुसावळला पंखा बंद करणं हा आमच्या घरात गुन्हा आहे. बाहेर पारा 45च्या आसपास, आणि मी भर दुपारी पंखा बंद करून, आगगाडीचं जुनं मॉडेल डिजिटल करायला, डायनिंग टेबलावर वीतभर इंजिनाचं पोट उघडून बसलेलो. इलाज नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने सोल्डरचा टाका नीट बसत नाही. त्यात मोटरला वीज पोचवणाऱ्या ब्रशचं झाकण काढताना स्प्रिंग टुणकन उडाली. तासभर शोधली. संध्याकाळी बायको म्हणाली, "तांदळात खडे निघतात माहीत होतं, हे काय निघालंय?"

इंजिन जर्मनीहून आत्याच्या मिस्टरांनी 1986 साली आणलेलं. अस्सल मापाच्या 87 पट लहान, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपली 1676 मिलिमीटरची ब्रॉडगेज 87ने भागली तर 19च्या वर जाते, म्हणजे माझ्या टेबलावर अजून परदेशीच रूळ. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, पीजे, मात्र 762ची होती, ती नऊ मिलिमीटरच्या रुळावर झकास बसेल. पण तो नाद नंतर.

या जुन्या इंजिनाला डोकं नाही. रुळात 12 व्होल्टपर्यंत वीज सोडायची. जास्त सोडली की पळतं, कमी केली की रेंगाळतं, तारा उलट्या केल्या की मागे येतं. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम निघतात. आणि स्टेशनात थांबलं की दिवाही विझतो. माझे वडील, अप्पा, रेल्वेत ड्रायव्हर होते. त्यांना हे लहानपणापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, खुपायचं. "उभ्या गाडीचा दिवा विझवतो का कोणी?"

डिजिटलमध्ये रुळात वीज कायम पूर्ण असते आणि हुकूमही तिच्यातूनच धावतात. वीज सारखी उलटसुलट होत राहते. हुकूम एक आणि शून्य या दोनच आकड्यांत लिहिलेला: 58 मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे एक, 100चा किंवा त्याहून लांब म्हणजे शून्य. इंजिनात बसवलेला नखाएवढा डिकोडर ते ऐकतो, आपला नंबर पुकारला असेल तरच हलतो. बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं, दिवा लावून.

ऐकायला सोपं. जुन्या इंजिनात अडचण अशी, की मोटरचा एक ब्रश थेट सांगाड्याला टेकलेला असतो. एका बाजूच्या चाकातून वीज सांगाड्यात, सांगाड्यातून मोटरमध्ये. तारेचा खर्च वाचवायला अख्खं अंगच तार केलेलं! डिकोडरला हा एकत्र कुटुंबाचा कारभार चालत नाही. लाल आणि काळी तार रुळाकडून येणार, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाणार, आणि मोटरचा सांगाड्याशी काडीचाही संबंध उरता कामा नये. म्हणून आधी काडीमोड.

पितळी पट्टी कापली, खाली चिकटपट्टी लावली, मोटर बसवून स्क्रू आवळला. तो स्क्रू लोखंडी. तोच गुपचूप दोघांना जोडून बसला होता. दोन टोकं जोडलेली असली की बीप करणारा मल्टिमीटर हाताशी असून लावला नाही, कारण मला खात्री होती. वीज सोडली, बॉयलरच्या जागेतून धुराची बारीक रेघ निघाली. वाफेच्या इंजिनातून धूर निघाल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं. डिकोडर गेला. घरभर तो वास भरिताच्या वांग्यांच्या धुरातही ओळखू येत होता.

दुसऱ्या खेपेला प्लास्टिकचा स्क्रू शोधत मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पोरगा मूळचा अमळनेरकडचा. इंजिन उलटंपालटं करून म्हणाला, "काका, इतलासा डब्बाकरता इतली मरमर?" पण ड्रॉवरमधून तीन नायलॉनचे स्क्रू काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मल्टिमीटरची एक सुई ब्रशला, दुसरी सांगाड्याला लावली. बीप नाही. चाकं फिरवली, परत लावली. नाही. तरी आणखी दोनदा लावून पाहिली.

कंपनीतून येताना प्रत्येक डिकोडरचा नंबर 3 असतो. मी तो बदलून आमच्या जुन्या रेल्वे क्वार्टरचा नंबर दिला. दिवा लागला, इंजिन जागचं हललं नाही. अप्पा चष्मा पुसून जवळ आले. कंट्रोलरचा वेगाचा नॉब फिरवल्यावर मात्र गाडी हरणासारखी सुटली आणि त्यांचा चेहरा पडला. "रिकामी आहे का ही? भरलेली मालगाडी अशी सुटते?"

डिकोडरमध्ये आकडे साठवायचे खाने असतात; तिसऱ्या खान्यात वेग घेण्याचा, चौथ्यात थांबण्याचा संथपणा भरता येतो. अप्पा आकडे वाढवायला सांगत गेले, मी भरत गेलो. मग त्यांनी नॉब स्वतःकडे घेतला. गाडी इतकी हळू निघाली की चाकांचे आरे मोजता यावेत. बिस्किटाच्या पुड्याचं स्टेशन आलं, अप्पांनी नॉब शून्यावर आणला. पण चौथ्या खान्यातला आकडा त्यांनीच सांगितलेला. गाडी स्टेशन सोडून, काडेपेटीचा सिग्नल ओलांडून, मिठाच्या बरणीपाशी थांबली.

अप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"सिग्नल लाल होता का रे?"

"होता, अप्पा."

"मग कागद आण. जबाब लिहावा लागेल."