जिंगदेझेनची कमान: माथा ४ मिलिमीटर खाली

मंडळी, चीनमधल्या जिंगदेझेन गावच्या इंपीरियल किल्न म्युझियमचं (शाही भट्ट्यांचं संग्रहालय) १:५० चं, म्हणजे पन्नासपट लहान, मॉडेल करतेय ना, त्याची विटांची कमान बसली. पडली नाही, बसली. पडली असती तर निदान विटा तरी सुट्या मिळाल्या असत्या.

मागच्या नोंदीत सेंटरिंग (कमानीखालचा तात्पुरता साचा) काढल्याचा आनंद साजरा केला होता, तो विसरा. अकराव्या दिवशी सकाळी पट्टी लावून पाहिलं तर माथा ४ मिलिमीटर खाली आणि दोन्ही बगला (पाया आणि माथा यांच्या मधला भाग) फुगलेल्या. ८ सेंटिमीटर लांबीचा तुकडा, १६ सेंटिमीटरचा गाळा (दोन पायांमधलं अंतर), जवळपास ३,९०० विटा. चिनी प्रमाण वीट २४० × ११५ × ५३ मिलिमीटरची, म्हणजे १:५० ला जेमतेम ४.८ × २.३ × १. एकेक चिमट्याने लावलेली. दिवसभर घरात कोणी माझ्या वाटेला गेलं नाही.

पहिला संशय पांढऱ्या गोंदावर. पावसाळा, ओली हवा, सच्छिद्र विटा. पण आमच्या गल्लीत काम करणाऱ्या गवंडीकाकांना दाखवलं, तर त्यांनी विटांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ताई, बगलेला आधार कुठंय? दाबणारं काहीच नाही."

मग शेवटी ते केलं जे मार्चमध्येच करायला हवं होतं. टांगलेल्या साखळीचा आकार उलटा केला की कमानीतून भार कुठून खाली जातो ती रेषा मिळते. सोनाराकडची पातळ साखळी तेवढ्याच गाळ्यावर, तेवढ्याच उंचीची टांगली, फोटो काढला, उलटा केला आणि छेदचित्रावरून गिरवलेल्या आकारावर ठेवला. पायाशी जुळतंय, माथ्याशी जुळतंय, बगलेत ३ मिलिमीटरची तफावत. माझ्या कमानीची जाडी किती? २.३. म्हणजे भाराची रेषा विटेच्या बाहेरून जात होती आणि इतके दिवस सगळा डोलारा गोंदाच्या भरवशावर उभा होता. दमट हवेत तो गोंद मऊ पडून सरकत गेला, बस्स.

वास्तुकार झू पेईच्या खऱ्या इंपीरियल किल्न म्युझियममध्ये ही भानगडच नाही. २०२० साली पुऱ्या झालेल्या त्या आठ कमानींत आत एक विटांचा थर, बाहेर एक, आणि मधे काँक्रीट. भार काँक्रीट घेतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मीच जानेवारीत तुम्हाला सांगितलं होतं! पण तिथल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या जुन्या भट्ट्यांचे कारागीर सेंटरिंगशिवाय पातळ विटांची कमान चढवत, हे वाचल्यापासून 'अस्सल वीटकामा'ची खुमखुमी होती. त्या भट्ट्याही दर दोन-तीन वर्षांनी उतरवून नव्याने बांधायला लागत, हे मात्र सोयीस्करपणे विसरले.

एक गोष्ट जमली, तिच्यावर खूश आहे. उतरवलेल्या भट्ट्यांच्या विटा त्या गावात घराघरांत लागल्या आहेत, आणि संग्रहालयातही नव्या विटांत त्या मिसळल्यात. तो मिश्र रंग पेंटने कधीच येत नव्हता. या वेळी एकाच लाल मातीच्या विटा ९००, १००० आणि ११०० अंशांवर वेगवेगळ्या भाजून आणल्या. ११०० वाल्या थेट खंगरासारख्या (जादा भाजलेल्या विटेसारख्या) काळपट तपकिरी. त्यातल्या दहात एकीला पारदर्शक नेलपॉलिश. दिव्याखाली धरली की आगीच्या बाजूची ती काचेरी साय दिसते! (माती ऑनलाइन घेऊ नका. माझ्या पिशवीत खडे निघाले, चाळण्यात रविवार गेला. कुंभारवाड्यातून आणलेली निम्म्या किमतीत आणि लोण्यासारखी.)

आता पुढे. बेत असा होता की सगळं पाण्यात भिजवून विटा सोडवायच्या, आणि नवं सेंटरिंग सपाट फळीऐवजी बारीक लाकडी पट्ट्यांचं करायचं. चीनमधल्याच छिनह्वांगदाओच्या वाळूतल्या यूसीसीए ड्यून म्युझियम या कलासंग्रहालयाचं काँक्रीटचं कवच तसंच झालंय, पूर्वी बोटी बांधणाऱ्या तिथल्या माणसांनी हाताने पट्ट्या वाकवून. माझ्याकडे आइस्क्रीमच्या काड्या आहेत.

पण हे लिहिता लिहिता सुचलं: गोंद ओलीने मऊ होतो ना? मग मोडायचं कशाला? हाच आतला थर. परत जुन्या सेंटरिंगवर चढवायचा, ओलं फडकं टाकायचं, बगला दाबून माथा वर आणायचा, आणि मच्छरदाणीची जाळी घालून वरून २ मिलिमीटर पांढरं सिमेंट. बाहेरचा थर त्यावर. एका टोकाला तिन्ही थर उघडे ठेवायचे. थांबा, करूनच येते.

आले. दोन तास झाले. बगलांना पुस्तकांचे गठ्ठे लावलेत, फडकं काढलंय, माथा आता फक्त १ मिलिमीटर खाली. डाव्या पायाजवळ सात विटा निखळल्या, त्या वाटीत ठेवल्यात. पुढचं मॉडेल, शांघायच्या लाँग म्युझियमची छत्रीसारखी काँक्रीटची कमान, पुढच्या महिन्यावर ढकललं. पांढऱ्या सिमेंटमध्ये वाळू कुठल्या चाळणीची घालायची, कोणी सांगेल का? सिमेंट उद्या सकाळीच घालायचंय.