एका दाखल्यासाठी सहा खेपा

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या रविवारी अर्पणाची थैली दोनदा फिरते. दुसऱ्यांदा फिरते ती गरिबांच्या निधीसाठी. त्या पैशांतून आम्ही चौघंजणं आसपासच्या घरांना महिन्याचा किराणा पोचवतो. तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा-साखर पिशव्यांत भरायचं आणि वस्तीत चढायचं. ते काम सोपं आहे. मी शाळेत कारकून म्हणून 30 वर्षं काढली, त्यामुळे लोकांचे फॉर्म भरणं माझ्याकडे आलं. फॉर्ममध्ये मला कोण अडवणार, अशी घमेंडही होती. ती एका सरकारी कचेरीच्या खिडकीवर उतरली. खिडकी कुठली ते लिहीत नाही. आणखी पाचजणींचे अर्ज तिथेच द्यायचे आहेत.

या खेपा ज्यांच्यासाठी झाल्या त्या ताई चर्चच्या मागच्या गल्लीत राहतात. ख्रिस्ती नाहीत, मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा वॉचमन होता, फेब्रुवारीत गेला. घरात 14 वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. म्हणून बाहेर कामाला जाता येत नाही. घरात बसून गजरे ओवतात, दिवसाचे 50 रुपये सुटतात. पहिली पिशवी घेताना दारातच विचारलं, "रविवारी यावं लागेल का?" नाही, म्हटलं. पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालायची नाही आणि कोणी म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, हे आमच्यात पक्कं ठरलेलं आहे. तरी गल्लीत कुजबुज झालीच. होऊ दे.

किराण्याने पोट भरतं, खोलीचं भाडं भरत नाही. म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करायचं ठरलं. 65 वर्षांखालच्या निराधार विधवेला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. आम्ही अर्ज केला तेव्हा अट होती कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असण्याची, म्हणजे महिन्याला 1,750. मुंबईत! ही अट ज्याने घातली त्याला एकदा आमच्या वस्तीतल्या वाण्याकडे उभं करायला हवं. असो, ताईंचं वर्षाचं 18,000 होत होतं, खरोखरच बसत होतं. रेशनकार्ड, आधार, नवऱ्याचा मृत्यू दाखला, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा, सगळं आठवड्यात जमलं.

राहिला उत्पन्नाचा दाखला. तो हातात आला तर त्यावर 1,20,000! मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न धरतात म्हणे, आणि मागच्या वर्षी नवरा कमावत होता. खिडकीवरच्या साहेबांनी आकडा बघितला आणि फाईल परत सरकवली. "बसत नाही."

मी म्हटलं, "अहो, हे ज्याचं उत्पन्न आहे तो माणूस गेलाय. त्याचाच मृत्यू दाखला मागच्या पानाला लावलाय."

"ते बरोबर आहे. पण दाखल्यात 1,20,000 आहे ना?"

दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला सांगितलं, पुढच्या एप्रिलनंतर या. तेव्हा जून चालू होता, धो धो पाऊस. ताई एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने फाईल छातीशी धरून उभ्या. सासूपाशी मुलीला बसवलेलं, म्हणजे त्या दिवशी तिची शाळा बुडाली.

चौथ्या खेपेला मी स्वतःच घाण केली. साहेबांना दया यावी म्हणून मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमची मंडळी यांना दर महिन्याला किराणा देते, दोन महिन्यांचं भाडंही दिलं." त्यांनी चष्मा वर केला. "मग ते उत्पन्नात दाखवलंय का?" माझी वाचाच बसली. ताईंनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "चला ताई, पाऊस थांबलाय." थांबला नव्हता.

त्या रविवारी पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, "तुम्ही दाखल्यासाठी फिरताय, मग येशूने सांगितलेला त्या विधवेचा दाखला, ती न्यायासाठी खेपा घालणारीची गोष्ट, आठवा की. न्यायाधीश शेवटी कंटाळलाच ना?" मी म्हटलं, तिला टोकन घ्यावं लागत नव्हतं.

सुटलं ते पाचव्या खेपेला. मी खिडकी सोडून वरच्या मजल्यावर नायब तहसीलदारांकडे गेले. सोबत वॉचमनच्या एजन्सीचं पत्र होतं, पगार कोणत्या तारखेपासून बंद झाला याचं. मॅडमनी ती तारीख आणि मृत्यू दाखल्यावरची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पाच मिनिटं, बस्स. "नव्याने स्वयंघोषणापत्र द्या, चौकशी लावते." माणूस घरी येऊन गजरे बघून गेला. सहाव्या खेपेला नवा दाखला मिळाला, 18,000 चा. मी तो पायरीवर उभी राहून तीनदा वाचला.

तुम्ही कोणासाठी जाणार असाल तर एजन्सीचं किंवा मालकाचं पत्र पहिल्याच दिवशी न्या. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही आधी बघा. त्यात आमचे दोन आठवडे गेले, वर लिहायचं राहिलं. किराणा देता हे कोणी विचारल्याशिवाय बोलू नका. आणि कर्ता माणूस 18 ते 59 या वयात गेला असेल आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 मिळतात. ताईंचं नाव यादीत नव्हतं, तुमच्याकडच्या बाईचं असेल.

अर्ज मंजूर करणाऱ्या निवड समितीची बैठक व्हायला दिवाळी उजाडली. पासबुकात 1,500 ची पहिली ओळ आली तेव्हा ताईंनी मला ती दाखवायला चर्चच्या फाटकापर्यंत चक्कर मारली. आत आल्या नाहीत, मीही या म्हटलं नाही.

सासूबाई 71 वर्षांच्या, त्यांना निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत बसवता आलं असतं. हे मला चौथ्या खेपेला सुचलं, तेही ट्रेनमध्ये. दोन्ही अर्ज एकदम भरायला हवे होते. आता त्यांचा गेल्या सोमवारी दिलाय. खिडकी तीच, साहेबही तेच. या वेळी तोंड बंद ठेवलं.