गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी

नागपुरात पारा ४५च्या वर गेला की जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनीचं एकच गाऱ्हाणं असतं. सकाळी एका सेल्फात सुरू होते, दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर बंद पडते आणि अर्ध्या तासानं काहीच न झाल्यासारखी पुन्हा चालते. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन थंड होतं, मेकॅनिकला सगळं ठीक दिसतं, तरी कार्ब्युरेटर खोलला जातो. हा दोष गरम असतानाच पकडावा लागतो. डिक्कीत एक चालू स्पार्क प्लग, प्लग पाना, वायरचा तुकडा, फडकं आणि पाण्याची बाटली ठेवा.

आधी टेम्परेचरचा काटा बघा. तो लाल पट्ट्यात नसेल तर स्पार्क तपासा. एका प्लगची केबल काढून डिक्कीतला प्लग तिला लावा, प्लगचं लोखंड इंजिनला घट्ट टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. केबल हवेत लोंबकळत ठेवू नका; इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर इग्नायटर (स्पार्क घडवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळतो. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळा, चट्चट् वाजणारा स्पार्क ठीक. पिवळा, मरतुकडा किंवा नाहीच, तर स्पार्कसाठी वीज वाढवणारी कॉइल किंवा इग्निशनचा कंडेन्सर (एसीचा नव्हे) संशयित. दोन्ही तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखे वागतात, म्हणून थंडपणी मीटर लावून पास झालेल्या कॉइलवर विश्वास ठेवू नये.

स्पार्क चांगला असेल तर एअर फिल्टरचं झाकण उघडा, इंजिन बंद ठेवून हातानं थ्रॉटल ओढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडत नसेल तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी रिकामी आहे. आता टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर टाकीला हवा देणारी वाट बुजली आहे; खर्च जवळजवळ शून्य. तसं नसेल तर एसी पंपावर (इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) आणि त्याच्या पायपांवर ओलं फडकं ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. त्यानं सुरू झाली तर व्हेपर लॉक: पेट्रोलची पायपातच वाफ झाली आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पाईप एक्झॉस्टपासून दूर बांधा, फिल्टर बदला, आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्न पाईप असेल तर तो कुणी बुजवला नाही ना ते बघा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं; तडे गेलेले पाईप ताबडतोब बदला, नाहीतर आगीचा धोका.

उलट, पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ओव्हरफ्लो झालंय, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल गेलंय. चोकचा नॉब पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा.

काटा लाल पट्ट्यात असेल तर गोष्ट वेगळी. सिग्नलवर तापते आणि वाहत्या रस्त्यावर थंड होते? फॅन बघा. दोन पिनांच्या फॅन स्विचचं कनेक्टर काढून, हात फॅनपासून लांब ठेवून, त्याच्या दोन वायर जोडा आणि चावी चालू करा. फॅन फिरला तर स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. हायवेवर तापत असेल तर बहुतेक रेडिएटर बुजलेला असतो. कारण बोअरचं पाणी: कूलरच्या खसावर जो पांढरा थर बसतो तोच इथे नळ्यांमध्ये बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. गरम रेडिएटरची कॅप मात्र उघडायची नाही, कितीही घाई असली तरी.

उन्हाळ्यापुरता थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. डिसेंबरात इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जळतं. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो पातेल्यातल्या पाण्यात तापवून तपासा: त्यावर ८२ लिहिलं असेल तर साधारण तेवढ्या अंशांवर उघडायला लागला पाहिजे. आणि कॅप लावण्याआधी, थंड इंजिन सुरू करून रेडिएटरमध्ये बघा. रेस केल्यावर सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलची पट्टी) उडालेलं असू शकतं. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.