सिग्नल भक्कम, तरीही वायफाय अडखळते: लॅपटॉपवरील कामाची नोंद

लॅपटॉपच्या वायफायची तक्रार आता बरीचशी आटोक्यात आली आहे. उरलेल्या एका त्रासाबद्दल शेवटी लिहितो. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्ह सिग्नल भक्कम असल्याचे दाखवत असे, जोडणी तुटल्याचा संदेशही येत नसे, आणि तरीही मध्येच सारे ठप्प होऊन काही सेकंदांनी जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई. अशा वेळी हात आधी राउटरच्या बटणाकडे आणि मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकाकडे जातो. दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या टप्प्यातच असेल, तर हा प्रकार ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असाच ठरतो.

म्हणून सर्वांत आधी दोष कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवले. एका टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) राउटरच्या पत्त्यावर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर, आणि दुसऱ्यात १.१.१.१ या इंटरनेटवरील पत्त्यावर पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवला. फक्त दुसरा अडला तर दोष राउटरच्या पलीकडे असतो, दोन्ही सुरळीत चालूनही पाने उघडत नसतील तर डीएनएसकडे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेकडे, पाहावे लागते, आणि दोन्ही एकाच क्षणी अडले तर वायफायचा टप्पाच तपासावा लागतो. येथे दोन्ही एकदमच अडत होते. राउटरचे उत्तर एरवी तीन-चार मिलिसेकंदांत येई. अडखळण्याच्या क्षणी ते आठशे-नऊशेवर जाई आणि मधली काही पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) तर गहाळच होत.

त्याच आकड्यांमध्ये आणखी एक लकब दिसली. काहीही अडलेले नसताना, लॅपटॉप नुसता पडून असला की उत्तराला अधूनमधून शंभर मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागे. हे पॉवर सेव्हिंगचे, म्हणजे वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड मधूनमधून झोपवण्याचे, लक्षण आहे. कार्ड झोपलेले असताना राउटर पॅकेटे राखून ठेवतो आणि ती आल्याची वर्दी बीकन या ठरावीक अंतराने निघणाऱ्या संदेशातून देतो. हा बीकन सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी निघतो. लिनक्सवर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वायफायच्या पॉवरसेव्हची किंमत २ केली की ही बचत बंद होते. विंडोजवर पॉवर ऑप्शन्समधील वायरलेस अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ निवडावे लागते, मात्र ही सोय काही लॅपटॉपांवर दिसत नाही. चढउतार थांबला; मूळ अडखळणे तसेच राहिले.

चॅनेलचा प्रश्न फार वेळ खाणारा नव्हता. राउटर २.४ गिगाहर्ट्झवर तिसऱ्या चॅनेलवर होता. या बँडमधील (लहरींच्या पट्ट्यातील) चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात, पण प्रत्येक नेटवर्क किमान २० मेगाहर्ट्झ व्यापते. त्यामुळे १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तिसरा चॅनेल पहिल्यावरच्या आणि सहाव्यावरच्या अशा दोन्ही नेटवर्कांशी अर्धवट भिडतो, आणि अर्धवट भिडणे हे एकाच चॅनेलवर असण्यापेक्षाही वाईट, कारण एका चॅनेलवरची उपकरणे निदान एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. ११ वर गेल्यावर थोडा फरक पडला, पण थोडाच.

खरी गंमत यापुढे आहे. अडखळण्याच्या वेळा लिहून ठेवल्यावर ध्यानात आले की त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेण्याच्या वेळांशी जुळतात, आणि त्याही लॅपटॉप दूरच्या खोलीत असतानाच. डिस्क यूएसबी ३ ची आहे. यूएसबी ३ ची ५ गिगाबिटची जोडणी जो विस्तृत नॉइज (नको असलेल्या रेडिओलहरींचा गोंगाट) पसरवते तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरही पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक श्वेतपत्रिकाच प्रसिद्ध केली आहे. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात, म्हणजे पोर्टपासून जेमतेम वीतभर अंतरावर.

मग राउटरशेजारी काहीच का बिघडत नव्हते? २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर नॉइजची मूळ पातळी साधारण -९५ डीबीएम (लहरींची ताकद मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद जास्त) धरता येते. राउटरजवळ सिग्नल -५० असेल तर दोहोंत ४५ डेसिबलचे अंतर राहते; डिस्कमुळे नॉइज २० डेसिबलने चढला तरी २५ उरतात आणि काम भागते. दूरच्या खोलीत सिग्नल -७० असतो, तिथे २५ मधून २० वजा झाले की हाती ५ राहतात आणि पॅकेटे पुनःपुन्हा पाठवावी लागतात. कोपऱ्यातले चिन्ह मात्र फक्त सिग्नल मोजते. मिक्सर चालू असताना बोलणाऱ्याचा आवाज कमी होत नाही, तरी शब्द कळत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. म्हणूनच लिनक्सवरील आयडब्ल्यू या आज्ञेच्या स्टेशन डंपमधील (वायफाय जोडणीच्या तपशिलातील) पुनःप्रेषणाचा, म्हणजे पॅकेटे पुन्हा पाठवल्याचा, आकडा पाहणे मला सिग्नलच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते: डिस्क लावताच तो भराभर चढू लागला, आणि तीच डिस्क यूएसबी २ च्या पोर्टला लावल्यावर पुन्हा संथ झाला.

उपाय साधा निघाला. चांगल्या आवरणाची जोडकेबल घेऊन डिस्क पडद्यापासून लांब ठेवली आणि लॅपटॉप शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर आणला, कारण हा नॉइज तिथे फारसा जाणवत नाही. राउटरने त्या बँडवर आपणहून ५२ वा चॅनेल निवडला होता. अनेक देशांत त्या चॅनेलवर रडार नसल्याची खात्री करण्यासाठी राउटरला आधी ६० सेकंद नुसते ऐकत बसावे लागते, आणि तेवढ्यात लॅपटॉप २.४ वर जाऊन बसे. ३६ वा चॅनेल ठरवून दिल्यावर ते थांबले.

उरलेला त्रास असा: दूरच्या खोलीतून परत आल्यावर लॅपटॉप २.४ वरच चिकटून राहतो. कोणता बँड धरायचा हा निर्णय अखेर लॅपटॉपचा असल्यामुळे आता डब्ल्यूपीए सप्लिकंट या लिनक्सवर वायफायची जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅममधील पार्श्वभूमीवरील स्कॅनचे (काम चालू असतानाच दुसरे चांगले सिग्नल शोधण्याचे) सेटिंग चाचपून पाहत आहे. राउटरजवळ २.४ चा सिग्नलही उत्तम असतो, म्हणून सिग्नल चांगला असताना दोन स्कॅनांमध्ये ठेवला जाणारा लांबचा कालावधीच कमी करावा लागेल; पण प्रत्येक स्कॅनच्या वेळी कार्ड क्षणभर आपला चॅनेल सोडते आणि पिंगमध्ये उसळी दिसते. सध्या ३०० सेकंदांपासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने खाली आणत आहे.