ताम्हिणीतील खापरखवल्या आणि बाराशे रुपयांची रात्र

खापरखवल्या साप पाहण्यासाठी ताम्हिणीला जाणार असाल, तर रात्रीच्या ‘जंगल भ्रमंती’चे पैसे आगाऊ भरू नका, हे आधीच सांगतो. जुलैच्या एका शनिवारी आम्ही तिघे पुण्याहून पौड, मुळशीमार्गे गेलो. त्या प्रवासात सांगण्यासारखे काही नाही. वाटाड्याने माणशी १,२०० रुपये घेतले आणि जंगल म्हणून जे दाखवले, ती घाटातल्या डांबरी रस्त्याची दोन किलोमीटरची साईडपट्टी होती. डावीकडे शेवाळलेली चारी, उजवीकडे धुक्यातून अचानक अंगावर येणाऱ्या गाड्या आणि मधे पायापुरता चिखल! चांगले बूट घालूनही माझा मित्र दोनदा चारीत गेला, आणि दुसऱ्या वेळी टॉर्चही गेली. ही वाट रात्री चालण्याच्या लायकीची नाही.

त्यावर कडी म्हणजे, हा साप जगात फक्त याच घाटात सापडतो आणि नुकताच शोधला गेला, असे वाटाड्या ठासून सांगत होता. खापरखवल्यांचे कूळ दक्षिण भारतात आणि श्रीलंकेतही आहे, आणि त्यातल्या ‘फिप्सनचा खापरखवल्या’ या जातीची नोंद तर १८८८ मधली आहे. साप दिसेना, तेव्हा वाटाड्या दगड उलथू लागला. गांडुळांवर जगणाऱ्या आणि बहुतेक आयुष्य ओल्या मातीत काढणाऱ्या जिवाचे छप्परच उचकटायचे असेल, तर घरी बसलेले बरे; आम्ही तिथूनच परत फिरलो.

सकाळी सहाला, सर ओसरल्यावर, चहाच्या टपरीपासून पन्नास पावलांवर तो फुकट दिसला. जेमतेम वीतभर, करंगळीएवढा जाड, शेपूट सुरीने तिरके कापल्यासारखे आणि त्याच्या खरखरीत खवल्यांवर चिखलाचा गोळा घट्ट बसलेला. मी वाकताच त्याने टोकदार डोके वेटोळ्याखाली दडवून ते बोथट शेपूट पुढे केले. टपरीवाले काका ‘दुतोंड्या!’ म्हणत काठी शोधू लागले. तो बिनविषारी आहे हे त्यांना पटवून देईपर्यंत साप चारीकाठच्या मातीत निम्मा शिरलाही होता.

तेव्हा मुक्काम करा, पाऊस थांबताच पहाटे निघा, नजर डांबरावर ठेवा आणि गाडी अगदी हळू चालवा, कारण त्याच रस्त्यावर आम्हाला चिरडलेले तीन खापरखवले मिळाले. पार्किंगचे शंभर रुपये कोणी मागितले, तर पावती मागा. आम्ही मागितली, तेव्हा तो गृहस्थ काही न बोलता पुढच्या गाडीकडे वळला.