तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत शिक्षकांचं लोन खरंच माफ होतं का?

सांगलीला गेले की कुणीतरी विचारतंच, "काय गं, तिकडं शिक्षकांना कर्जमाफी आहे म्हणे, तुझं झालं ना?" आपल्याकडे कर्जमाफी म्हटलं की आधी घोषणा, मग याद्या, मग आपलं नाव आलं का बघायला गर्दी. माझं झालं, पण तसं नाही झालं.

मी न्यू जर्सीत हायस्कूलला मॅथ्स शिकवते. ग्रीन कार्ड आल्यावर इथे शिकले म्हणून मला फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं, शिक्षणासाठीचं लोन मिळालं (भारतातल्या बँकेचं लोन काढून स्टुडंट व्हिसावर आलेल्यांनी इथेच वाचणं थांबवलंत तरी चालेल, तुमच्यासाठी यात काही नाही). मी घेतली ती टीचर लोन फर्गिव्हनेस, म्हणजे शिक्षकांच्या लोनमाफीची स्कीम. शाळा गरीब वस्तीतली हवी, सरकारी यादीत तिचं नाव हवं आणि सलग ५ वर्षं फुलटाइम शिकवायचं. हायस्कूलचं मॅथ्स-सायन्स किंवा स्पेशल एज्युकेशन असेल तर १७,५०० डॉलरपर्यंत माफ, बाकीच्यांना फक्त ५,०००. शेजारच्या वर्गात इंग्लिश शिकवणारी माझी मैत्रीण रविवारीसुद्धा निबंध तपासत बसते, तिला ५,००० का ते मला आजही पटलेलं नाही.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये मुलगी झाली आणि मी जूनपर्यंत सुट्टीवर. लोन सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला तर पलीकडची बाई म्हणाली वर्ष तुटलं, परत पहिल्यापासून मोजा. मी बाळाला मांडीवर घेऊन रडले अक्षरशः. मग नियम वाचला, तर बाळंतपणाची कायदेशीर रजा असेल, निम्मं वर्ष शिकवून झालं असेल आणि पगारवाढ, पेन्शन वगैरेसाठी शाळेने ते वर्ष पूर्ण धरलं असेल तर ते चालतं! शाळेचं पत्र जोडलं, २६,००० मधले १७,५०० गेले, उरलेले मुकाट्याने फेडले.

दुसरी स्कीम पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, २००७ च्या कायद्यातली, ती फक्त शिक्षकांना नाही, सरकारी आणि बहुतेक नॉन-प्रॉफिट नोकरदारांना आहे. उत्पन्नावर हप्ता ठरणाऱ्या प्लॅनमध्ये १२० हप्ते भरायचे, म्हणजे कमीत कमी १० वर्षं, मग उरलेलं सगळंच माफ. २०१७ पासून लोक पात्र व्हायला लागले तेव्हा सुरुवातीचे ९९ टक्के अर्ज रिजेक्ट झाले होते, कुणाचं लोनच वेगळ्या प्रकारचं तर कुणाचे हप्ते कमी, त्यामुळे लोक अजून घाबरतात. आणि खरी मेख म्हणजे पहिल्या स्कीमसाठी वापरलेली ५ वर्षं दुसरीत धरत नाहीत.

मैत्रिणीचं लोन ७०,००० आहे आणि ती परवा ५,००० चा फॉर्म भरत होती. लंच ब्रेकमध्ये तिला फळ्यावर हिशोब मांडून दाखवला, ५,००० घेतलेस तर झालेली ५ वर्षं बाद आणि १० वर्षं नव्याने. ती दोन मिनिटं फळ्याकडे बघत राहिली, मग फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांची स्पेलिंग टेस्ट लिहायला बसली.